पाटीची राखण

परमेश्वरच्या कोडात टिपणी दिसली आणि सिद्धोधनच्या मनात पाल चुकचुकली.

टिपणी दिसली म्हणून एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण परमेश्वर आंबोरे हा गडी टिपणीचा हाडवैरी. आपण कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या कोडाशेजारी, तो कोड काय करतो हे साध्या भाषेत समजावून सांगायचं म्हणजे त्याला अपमान वाटायचा. "ज्याला कोड कळत न्हाई, त्यानं टिपणी वाचून काय दिवे लावायचेत?" असं तो होस्टेलपासून म्हणत आलेला. व्हेरिएबलला, म्हणजे कोडात किंमत साठवायच्या खणाला, एका अक्षराच्या वर नाव द्यायचा नाही. दुसऱ्या कुणी लांब नाव ठेवलं की त्याला लग्नपत्रिका म्हणायचा. आणि आता त्याच परमेश्वरच्या नावानं आलेल्या कोडात प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एकेका कामाच्या तुकड्याच्या, डोक्यावर टिपणी, नावं अशी लांबलचक की वाचता वाचता दम लागावा. माणूस चाळिशीनंतर दाढी ठेवतो, देवाला लागतो, गोड सोडतो. पण कोड लिहायची पद्धत बदलत नाही, असं सिद्धोधनचं ठाम मत होतं.

हे सगळं 'पाटी'पायी. पाटी म्हणजे मराठी मजकूर लिहायचा एडिटर. पिंगळीचा सिद्धोधन वाघमारे आणि ताडकळसचा परमेश्वर नांदेडला इंजिनिअरिंग करत असताना दोघांनी होस्टेलच्या एका खोलीत बसून तो सी भाषेत लिहिला. तेव्हा बाकीच्या एडिटरांत जोडाक्षर खोडायला गेलं की अर्धं खोडलं जायचं आणि अर्धं लोंबकळत राहायचं. त्या चिडीतून पाटी जन्माला आली, आणि फुकट असल्यामुळे पसरली. आज मराठवाड्यातल्या डीटीपीच्या दुकानांत, वार्ताहरांच्या टेबलांवर, शाळामास्तरांच्या घरी, परदेशातल्या काही हौशी मराठी माणसांकडेही पाटी आहे. पोटापाण्यासाठी सिद्धोधन परभणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, परमेश्वर शेती पाहून बाहेरची किरकोळ कामं करतो. पण दोघांना विचाराल तर खरं काम पाटीचंच. कोड लिहिणं सोपं असतं. तो वर्षानुवर्षं सांभाळणं, इकडची भोकं तिकडून बुजवणं, लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं, हे निस्तरायला जीव लागतो.

त्यांचा एकच नियम होता. दुसऱ्यानं तपासल्याशिवाय एकही ओळ पाटीत जाणार नाही. सिद्धोधननं लिहिलं की परमेश्वरनं वाचायचं, परमेश्वरनं लिहिलं की सिद्धोधननं. बाहेरून कुणी दुरुस्ती पाठवली तर दोघांनी. आणि दुरुस्ती तातडीची असेल तर तपासणाऱ्यानं त्याच दिवशी नवी आवृत्ती करून लोकांसाठी सोडून द्यायची. आत घ्यायची चावी फक्त या दोघांकडे. चावी म्हणजे संगणकावरचीच एक फाइल, पण तिच्या जोरावर हजारो लोकांच्या मशीनमध्ये हात घालता येतो, म्हणून सिद्धोधन तिला घराच्या किल्लीपेक्षा जपायचा.

टिपणीनंतर सिद्धोधन डोळ्यांत तेल घालून बघायला लागला, आणि बघायला लागलं की दिसायला काय तोटा. परमेश्वरच्या कोडात ओळींची मांडणी वाकडीतिकडी झाली होती. कुठे ओळीआधी चार जागा सोडलेल्या, कुठे तीन. या मांडणीवरून परमेश्वरनं एकेकाळी होस्टेलात मेसमध्ये ताट सरकवून भांडण केलेलं. व्हिडिओ कॉल लावला तर तो घ्यायचा नाही, साधा फोन करायचा आणि म्हणायचा, "रेंज न्हाई रे." उत्तरं तुटक. सिद्धोधनच्या पुतणीच्या लग्नाला आला नाही, बायकोला, राजेश्रीवहिनीलाही पाठवलं नाही.

शिवाय पुण्याच्या एका कंपनीचं प्रकरण होतंच. त्यांना पाटी हवी होती. सिद्धोधननं फोनवरच उडवून लावलं. परमेश्वर मात्र म्हणाला होता, "बघू की, घाई काय." तेव्हा ते सहज वाटलं. आता सहज वाटेना. मध्यंतरी या जगात एक भानगडही गाजलेली. कुणीतरी वर्षानुवर्षं गोड बोलून, फुकट राबून एका सॉफ्टवेअरच्या रखवालदाराचा विश्वास कमावला, चावी मिळवली आणि आतून चोरवाट खणून ठेवली. ती बातमी वाचल्यापासून सिद्धोधनला पाटीत रोज कुणीतरी उकिडवं बसून खणतंय असं वाटायचं.

परमेश्वरनं चावी दुसऱ्या कुणाला दिली असेल का? हा एकच प्रश्न. दिली असेल तर त्याचं नाव पाटीवरून काढावं लागणार, आणि ते सिद्धोधनलाच करावं लागणार. इतक्या वर्षांचा दोस्त. त्याच्या आईनं होस्टेलवर पाठवलेला डबा दोघांनी एकाच ताटात संपवलेला.

"तुमी त्यांना सरळ इचारा की," संघप्रिया म्हणाली. ही सिद्धोधनची बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि घरातही फळ्यावर लिहावं तसं स्पष्ट बोलते.

"इचारलं की माणूस सावध होतो."

"मग जाऊन या. ताडकळस काय दिल्लीला हाय का?"

"जाऊन काय बघू? तोंड बघू त्याचं?"

"तेच बघायचं असतंय," संघप्रिया म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

सिद्धोधन गेलाही असता. पण त्याच आठवड्यात परभणीच्या बसस्टँडवर एक प्रकार घडला. पलीकडच्या फलाटावर परमेश्वर एकटाच उभा दिसला. सिद्धोधननं हात वर केला. परमेश्वरनं सरळ त्याच्याकडे बघितलं. अगदी सरळ. आणि ओळखीची एक रेघही चेहऱ्यावर न आणता तोंड फिरवलं. सिद्धोधनचा हात वरच राहिला. मग मध्ये बस आली आणि ती गेल्यावर फलाट रिकामा होता.

तोंड फिरवणं म्हणजे काय हे वाघमाऱ्यांच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. सिद्धोधनच्या आजोबांनी ते पाहिलं होतं, बापानं पाहिलं होतं. परमेश्वर त्यातला नाही, असं सिद्धोधन सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आला होता. घरी आल्यावर त्यानं हे संघप्रियाला सांगितलं नाही. त्याला फार लागलं होतं, आणि ज्याला लागलेलं असतं तो चौकशी करत नाही, पुरावा शोधतो.

सकाळी तो कामाला बसला. फोनवरून उचललेला मजकूर पाटीत चिकटवला की पाटी गोठायची, अशी तक्रार कधीची येत होती. ती दुरुस्ती त्यानं लिहूनच ठेवली होती. त्या खऱ्या दुरुस्तीच्या पोटात त्यानं एक खोटी गोष्ट दडवली.

पाटी फाइल साठवते तेव्हा आधी शेजारी नवी प्रत लिहिते आणि मग जुनी फेकून नवी तिच्या जागी ठेवते. या दोन्हींच्या मध्ये एक तपासणी आहे. नवी प्रत पूर्ण लिहिली गेली का? डिस्क भरली, लिहिता लिहिता थांबलं, तर जुनीला हात लावायचा नाही. ही तपासणी परमेश्वरची. होस्टेलात सिद्धोधनचा अख्खा प्रोजेक्ट अहवाल भरलेल्या डिस्कपायी उडाला, तेव्हा परमेश्वरनं ताटावरून उठून ती लिहिली होती. अख्ख्या पाटीत कुठल्या एका ओळीवर त्याचा जीव असेल तर तो हिच्यावर. सिद्धोधननं ती ओळ काढून टाकली.

हिशेब साधा होता. चावीमागे परमेश्वर असेल तर तो ही ओळ गेलेली बघून फोनवर आईबहिणीचा उद्धार करील. दुसरा कुणी असेल तर त्याला त्या ओळीचं काय सोयरसुतक? तो मुकाट ठीक म्हणेल. चोरट्यानं रेंगाळू नये म्हणून सिद्धोधननं वर 'तातडीचं' असंही लिहिलं, आणि पाठवून दिलं.

दुपारच्या जेवणाआधी उत्तर आलं. 'ठीक. घेतलं.'

सिद्धोधनला एकाच वेळी जिंकल्यासारखं आणि रडू आल्यासारखं झालं. ती ओळ लगेच परत टाकावी असं मनात आलं, पण मग पुरावा कुठला? त्याच्या तोंडासमोर उघडून दाखवतो, मग टाकतो. लॅपटॉप पिशवीत घातला, मोटारसायकलला किक मारली आणि तो ताडकळसच्या रस्त्याला लागला. रस्ताभर तो भांडणाची उजळणी करत होता. पहिलं वाक्य काय, दुसरं काय, परमेश्वर असं म्हणाला तर आपण कसं म्हणायचं, सगळं. बाजाराचा दिवस होता. गर्दीतून मोटारसायकल ढकलत नेताना एका भाजीवाल्या बाईच्या शिव्याही त्यानं ऐकून घेतल्या.

दार राजेश्रीवहिनीनं उघडलं. सिद्धोधनला बघून ती घाबरली. चोरी पकडल्यासारखी घाबरली.

"भाऊजी, तुमी? फोन तरी करायचा."

"हाय का तो?"

"हायेत. पण..." तिनं मागे बघितलं. "मी सांगते त्यांना. जरा बसा."

सिद्धोधन बसला नाही. तिच्या बाजूनं तो सरळ आतल्या खोलीत गेला. चावीवाला माणूस तिथेच सापडेल अशी त्याची खात्री होती.

खोलीत परमेश्वर एकटाच होता. कानांवर हेडफोन, बोटं कीबोर्डवर, मान किंचित तिरकी. समोरचा स्क्रीन काळा, बंद. तो बंद स्क्रीनपुढे बसून भराभर टाइप करत होता. सिद्धोधन अगदी समोर जाऊन उभा राहिला तरी परमेश्वरची बोटं थांबली नाहीत, डोळे त्याच्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत त्याच्यावर गेले, जसे बसस्टँडवर गेले होते.

"राजेश्री, कोण आलंय ग?" हेडफोन काढत परमेश्वर म्हणाला.

सिद्धोधन मागे सरला. तो खाटेच्या कडेवर टेकला.

"मी हाय," तो म्हणाला.

परमेश्वरनं हेडफोन गळ्यात अडकवला. मग हसला. "सापडलो म्हण की."

सगळं मग राजेश्रीनंच सांगितलं. साखर होती, ती अंगावर काढली. आधी एक डोळा गेला, दुसऱ्यात आता उजेड तेवढा कळतो. नांदेड झालं, औरंगाबाद झालं. परभणीच्या बसस्टँडवरून औषधाला जाणं-येणं असतं, ती तिकिटं काढेपर्यंत हा एका जागी उभा राहतो. मशीन आता त्याला कोड वाचून दाखवतं. कानानं ऐकायचं म्हटलं की एका अक्षराची नावं कळत नाहीत, सगळी सारखीच वाटतात, म्हणून लांब नावं. पुढे काय येणार हे आधी ऐकू यावं म्हणून टिपणी. मांडणीचं तर आता त्याला काही दिसतच नव्हतं.

"मला का न्हाई सांगितलं?" सिद्धोधननं विचारलं.

"तू म्हणला असतास, आराम कर." परमेश्वरनं कीबोर्डवरून हात फिरवला. "आराम करून काय करू? रानात दिसंना, रस्त्यानं चालता यीना. लोकं हाताला धरून बसवतात आन् च्या देतात. हितं मला कुणी हाताला धरत न्हाई. तेवढं ऱ्हाऊ द्यायचं होतं."

सिद्धोधनला आपली लाज वाटली. पिशवीतला लॅपटॉप त्यानं पायानं खाटेखाली सरकवला. राजेश्रीनं चहा आणला, बशी परमेश्वरच्या बोटांना लावून ठेवली. चहा पिताना दोघं होस्टेलचं काही बोलले, हसलेसुद्धा. ही ओळ घरी जाऊन गुपचूप परत टाकू, कुणाला कळणारही नाही, असं सिद्धोधननं ठरवून टाकलं होतं. मोकळं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात परमेश्वरचा फोन वाजला. सोनपेठचा हरिओम. याचं डीटीपीचं दुकान आहे आणि नवी आवृत्ती निघाली की सगळ्यांच्या आधी तो घेतो. परमेश्वरनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"सर, नव्या पाटीनं घात केला," हरिओम म्हणाला. "कुसुमबाईंची फाइल साठवायला गेलो, डिस्क फुल झाली म्हणाली. उघडून बघतो तर अर्धीच हाय. जुनीबी गेली."

"नवी आवृत्ती?" सिद्धोधनच्या तोंडून निघालं. "सोडली कधी?"

"दुपारीच सोडली की. तूच तातडीचं लिहिलं होतंस," परमेश्वर म्हणाला.

कुसुमबाई या निवृत्त शिक्षिका. जुन्या ज्वारीचे वाण, कुठलं बी कुठल्या जमिनीत, कुठल्याची भाकरी गोड, हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून त्या हरिओमला तोंडी सांगायच्या आणि तो उतरवून घ्यायचा. सांगणाऱ्या म्हाताऱ्यांतल्या काही आता राहिल्या नव्हत्या. हरिओमच्या पेनड्राइव्हवर दिवाळीपर्यंतचं होतं. त्यानंतरचं गेलं.

"बाई समोरच बसल्यात," हरिओम हळू आवाजात म्हणाला. "काय सांगू त्यांना?"

"सांग, आमची चूक हाय. दुकानातली पाटी बंद ठेव, कशाला हात लावू नको." परमेश्वरनं फोन ठेवला आणि लगेच हेडफोन चढवला. त्याची बोटं चालायला लागली. सिद्धोधन बघत राहिला. साठवायच्या फंक्शनपाशी परमेश्वर थांबला, एक ओळ मागे गेला, पुन्हा पुढे आला. पुन्हा मागे गेला.

"माझी ओळ न्हाई हितं," तो म्हणाला.

सिद्धोधननं हातातली कपबशी खाली ठेवली.

"सिद्ध्या, तुझ्या नावानं कुणीतरी घुसलंय." परमेश्वरचा चेहरा पांढरा पडला होता. "ही ओळ तू काढणार न्हाईस. तुझी चावी चोरीला गेली. पहिलं तुझी चावी बंद करू, मग बाकीचं. घाबरू नको. लोकांना मी सांगतो, माझी चूक म्हणून. मी न ऐकताच घेतलं."

"न ऐकता?"

"बाहेरच्यांचं सगळं ऐकतो. एकेक ओळ, दोन-दोनदा. लय वेळ जातो, डोकं फुटायची पाळी येती. तुझं कशाला ऐकू?" परमेश्वर म्हणाला. "तुझं ऐकावं लागंल असं कधी वाटलंच न्हाई."

आता एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. चावी चोरीला गेली, दोघांनी मिळून नवी केली, गोष्ट संपली. परमेश्वरनं स्वतःच्या तोंडानं वाट काढून दिली होती. सिद्धोधननं त्या वाटेकडे बघितलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

"चोरीला न्हाई गेली," तो म्हणाला. "मीच काढली ओळ."

"काय?"

"मला वाटलं, तू चावी दुसऱ्याला दिलीस. कंपनीला. टिपण्या, नावं... त्या दिवशी स्टँडवर तू माझ्याकडं बघून तोंड फिरवलंस. तू हायस का दुसरा कुणी, ते बघायला काढली."

राजेश्री कपबश्या उचलायला आली होती, ती तशीच उभी राहिली. बाहेरून बाजारातल्या लाउडस्पीकरचा आवाज येत होता. परमेश्वरचे डोळे सिद्धोधनच्या थोडे डावीकडे, भिंतीवर स्थिरावले होते. शिवी यावी असं सिद्धोधनला वाटत होतं. होस्टेलमधली, सणसणीत. ती आली नाही.

"बरं," परमेश्वर म्हणाला. "ओळ टाक परत. कुसुमबाईंकडं उद्या दोघं जाऊ."

सिद्धोधननं खाटेखालून लॅपटॉप काढला.  ओळ लिहिली, पाठवली. "आली का?" त्यानं विचारलं. "सोड पटकन. लोकं आवृत्ती घ्यायलेत."

परमेश्वरनं पहिल्यांदा दुपारची आवृत्ती मागे घेतली, म्हणजे आणखी कुणाचं नुकसान होणार नाही. मग हेडफोनची पिन उपसली. खोलीत मशीनचा आवाज यायला लागला, इतका भरधाव की सिद्धोधनला एक शब्द कळेना. परमेश्वरनं त्याचा वेग कमी केला.

"एकच ओळ हाय रे," सिद्धोधन म्हणाला.

"असू दे." परमेश्वर खुर्चीत नीट बसला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "बस जरा. वेळ लागंल."

दुरुस्ती एका ओळीची होती. परमेश्वरनं सिद्धोधनची अख्खी फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून ऐकायला सुरुवात केली.